कालव्याआधी कागद पाहा

वैनगंगेचं पाणी नळगंगेत आणायचा कालवा सरकारनं 2024 साली मंजूर केला. गोसीखुर्दहून आपल्या मोताळ्याकडं, चारशे किलोमीटरहून लांब. गावोगावी लोक खूश आहेत. पाणी आलं तं कोणाला नको? मलेही हवं. पण कालव्यामागं नवी माणसं अन् पैसा येतो, ते आधीच पाहून ठेवा.

पुण्याकडं नीरेचा डावा कालवा 1885 च्या सुमारास सुरू झाला. 1876-77 चा दुष्काळ लोकांनी भोगला होता, ज्वारी जगावी म्हणून तो खोदला. पण पाऊस बरा झाला की गावकरी पाणी घेतच नसत. पाणीपट्टी कोण भरील? मग सासवडकडचे बागाईतदार आले. त्यांच्यापाशी उसाची विद्या होती, खतापुरता पैसा होता. मेहनती माणसं, त्यांना नावं ठेवायची नाहीत. त्यांनी रान खंडानं, म्हणजे आपल्या बोलीत मक्त्यानं, घेतलं. ऊस उभा राहिला, गुऱ्हाळं लागली, गूळ पेठेत गेला.

प्रवरेवर तं कंपनीच आली. बेलापूर कंपनीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, हरेगावला साखर कारखाना झाला, स्टेशनाजवळ श्रीरामपूरची बाजारपेठ वाढली. जमीनवाले मात्र 'खंडकरी' म्हणवले गेले. 1961 च्या सीलिंग कायद्यानंतर ती जमीन शेती महामंडळाकडं गेली. परत मिळायला 2012 उजाडलं. आजोबाची जमीन नातवाच्या हाती!

आता आपलं पाहा. 2006 च्या कायद्याचा वनपट्टा वारसाला जातो, विकता येत नाही. सातबाऱ्यावरची आदिवासीची जमीन कलम 36अ प्रमाणं बिगरआदिवासीला परवानगीशिवाय देता येत नाही. विक्रीच नाही, मक्ता अन् गहाणसुद्धा. तरी स्टँपवर अंगठे उठतातच. माझ्या मामानं दोन एकर तीन वर्षांसाठी दिलं होतं. बाजूच्या विहिरीले पाणी लागलं, अन् तीनची सात वर्षं झाली. मामा त्याच वावरात रोजानं निंदाले जाय.

ज्याचा दावा अजून पडून आहे त्याची गोष्ट याहून कठीण. त्याच्या वावरातून आखणी गेली तं कागदावर ते नुसतं जंगल दिसते, मोबदल्याच्या यादीत नाव कुठून येईल? दाव्याची पोच नसेल तं येत्या ग्रामसभेत वनहक्क समितीला मागा. 13 डिसेंबर 2005 आधीच्या वहिवाटीचा जो पुरावा घरात असेल, दंडाची पावतीसुद्धा, तो सोबत न्या.