पाचशे मिलिमीटर पाऊस कुठे पडला?

बालमित्रांनो, आज एका गणितानं सुरुवात करू या. घाबरू नका, अगदी सोपं आहे. एकाच शहरात, एकाच दिवशी, एका ठिकाणी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि दुसऱ्या ठिकाणी ७३ मिलिमीटर. तर सरासरी पाऊस किती?

बेरीज १०१७, भागिले २, म्हणजे ५०८.५. शाब्बास, उत्तर बरोबर! पण गंमत अशी, की एवढा पाऊस त्या दोन्हींपैकी एकाही ठिकाणी पडलाच नव्हता. एकीकडे त्याच्या जवळजवळ दुप्पट पडला, तर दुसरीकडे जेमतेम सातवा हिस्सा!

ते शहर म्हणजे आपली मुंबई आणि तो दिवस २६ जुलै २००५. तुमचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण आईबाबांना विचारा, त्यांना तो दिवस नक्की आठवत असेल. २७ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर असलेल्या कुलाब्याला फक्त ७३. शेकडो माणसं दगावली. लोकल जागच्या जागी थांबल्या, कितीतरी मुलांनी ती रात्र शाळेतच काढली.

९४४ मिलिमीटर म्हणजे नेमकं किती पाणी? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की बरोबर एक लिटर पाणी जमतं. तुमचा वर्ग सहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद आहे असं धरा. क्षेत्रफळ ३० चौरस मीटर. तीस गुणिले ९४४ करा पाहू. अठ्ठावीस हजार लिटरांहून जास्त! म्हणजे एका वर्गाच्या छपरावर जवळजवळ तीन मोठे टँकर रिकामे झाले.

आता हे पाणी जाणार कुठे? मुंबईची पावसाळी गटारं इंग्रजांच्या काळापासूनची. तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडला तर तो वाहून न्यायचा, आणि तोही समुद्राला ओहोटी असताना, असा त्यांचा हिशेब होता. त्या दुपारी सांताक्रूझला एका तासात १९० मिलिमीटर पाऊस कोसळला. शिवाय तेव्हा भरती होती. गटारांनी तरी काय करावं बिचाऱ्यांनी?

पुढे डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीनं या पुराचा अभ्यास केला. अनेक कारणं होती: नदी-नाल्यांत टाकलेले भराव, कचरा, अरुंद झालेली मिठी नदी. पण आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हवामान खात्याच्या मुंबईतल्या वेधशाळा तेव्हा दोनच होत्या, कुलाबा आणि सांताक्रूझ. मधल्या एवढ्या मोठ्या भागात कुठे, किती कोसळतोय, हे लगोलग सांगणारी सोयच नव्हती. कुलाब्याच्या आकड्यावरून कुर्ल्याची दैना कशी कळणार?

म्हणून २००६ साली मुंबई महापालिकेनं शहरभर ३५ स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. आयआयटी मुंबईतल्या तज्ज्ञांची त्यात मदत होती. यंत्रं कुठे बसवली असतील? बरीचशी अग्निशमन केंद्रांच्या छपरांवर! ही केंद्रं शहरभर पसरलेली असतात आणि तिथं रात्रंदिवस माणसं जागी असतात. दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक यंत्र आपला आकडा नियंत्रण कक्षाकडे पाठवू लागलं. पुढे यंत्रांची संख्याही वाढत गेली.

दर पंधरा मिनिटांनी कशाला, असं विचाराल. अहो, दिवसभर रिमझिम पडलेले १०० मिलिमीटर गटारं मुकाट्यानं पिऊन टाकतात. तेच १०० मिलिमीटर तासाभरात पडले, की रस्त्याचा ओढा होतो. किती पडला याइतकंच कुठे पडला आणि किती वेळात पडला, हेही महत्त्वाचं.

या आकड्यांचा उपयोग दोन प्रकारे होतो. पहिला त्याच वेळी: कुठे पंप पाठवायचे, कुठल्या वस्तीला सावध करायचं, ते ठरवता येतं. २०२० मध्ये तर ‘आयफ्लोज’ नावाची पूर-इशारा यंत्रणा सुरू झाली. पावसाचा अंदाज, भरतीच्या वेळा, जमिनीचा चढउतार असं सगळं एकत्र मांडून कुठे पाणी भरेल, हे ती आधीच सांगते. दुसरा उपयोग पुढच्या कामांसाठी. नवी गटारं तासाला २५ ऐवजी ५० मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधायची, हाजी अली आणि इर्ल्यासारख्या ठिकाणी पाणी उपसणारी केंद्रं उभारायची, हिंदमातासारख्या बशीसारख्या खोलगट भागासाठी मैदानाखाली मोठ्या टाक्या खणायच्या, म्हणजे जास्तीचं पाणी तिथं थांबेल.

मग मुंबई आता तुंबत नाही का? तुंबते हो. २९ ऑगस्ट २०१७ ला पुन्हा तुंबली. त्या दिवशी पाण्यातून चालत निघालेले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. पावसाचा आकडा छपरावरच्या यंत्राला कळत होता. पण रस्त्यावर झाकण उघडं आहे, हे त्याला कसं कळावं? त्यानंतर मॅनहोलमध्ये झाकणाखाली जाळ्या बसवायला सुरुवात झाली. म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: यंत्र फक्त तेवढंच सांगतं, जेवढं आपण त्याला मोजायला लावतो. उरलेलं माणसांनीच पाहायचं असतं, आणि पाहिलेलं सांगायचं असतं. (आणि हो, साचलेल्या गढूळ पाण्यातून कधीही चालायचं नाही!)

आता तुमचं काम. वरपासून खालपर्यंत सरळ उभ्या भिंतींचा एक डबा घ्या. झाडाखाली किंवा पागोळ्यांखाली नको, मोकळ्या जागी पक्का ठेवा. रोज सकाळी साडेआठला आत पट्टी उभी धरून पाणी किती मिलिमीटर आहे ते वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. डबा मोठा की लहान, याची चिंता नको. भिंती सरळ असल्या की उंची तीच येते. का बरं? विचार करा!

दुसऱ्या आळीत राहणाऱ्या मैत्रिणीलाही हेच करायला सांगा. महिनाभरानं दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवा. आकडे वेगळे आले, तर लगेच तिला ‘तुझं चुकलं’ म्हणू नका. कदाचित तिच्याकडे खरंच जास्त पाऊस पडला असेल.