ती खोली जास्तीची नाही

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या ओळखीच्या चार घरांतून पलंग बाहेर पडला आणि त्याच्या जागी लांबलचक कोच आला. टिळकवाडीत दोन घरं, शहापुरात एक, चौथं निपाणीला. प्रत्येक घरातून बोलावणं आलं, "या की आक्का, होम थिएटर केलंय, पिक्चर बघायला या." गेले, बघितला. छान दिसतो, त्यात वाद नाही. 100 इंची पडदा म्हणजे सव्वासात फूट रुंद आणि चार फुटांहून थोडा जास्त उंच. आवाज असा की छातीत धडधड व्हावी. वर एसीची गार हवा. चारही घरांत मी विचारलं, इथं आधी काय होतं? आणि चारही घरांत जवळजवळ एकच उत्तर मिळालं: "काही नाही हो, स्पेअर बेडरूम होती. रिकामीच पडलेली."

माझं भांडण या 'रिकामी'शी आहे.

त्या खोलीची दहा वर्षांची हजेरी मांडून बघा. थोरल्या लेकीचं पहिलं बाळंतपण तिथं झालं. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तीन महिने त्यांचा पलंग तिथं. गावाकडची आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आली ती तिथंच उतरली. भाचीनं परीक्षेचा अभ्यास तिथं केला. आणि घरातल्या बाईला एखाद्या दुपारी कुणाशी न बोलता दार लोटून पडावंसं वाटलं, तर तिला तेवढी एकच खोली. हजेरीपटावर सगळी नावं बायकांची. पुरुषाची जागा घरात ठरलेली असते. खुर्ची त्याची, टेबल त्याचं, कपाटातला वरचा कप्पा त्याचा. बाईचं राहणं येऊन-जाऊन, म्हणून तिची खोली रिकामी.

जुन्या घरांत सोपा, माजघर, परसू असे आणि आतल्या बाजूला बाळंतिणीची खोली. तिचे गोडवे मी गाणार नाही. एवढीशी खिडकी, शेगडीचा धूर, दिवसाही अंधार. पण तिला नाव होतं, आणि नाव असलेल्या खोलीला कुणी जास्तीची म्हणत नसे. नव्या बंगल्यांत नवरा-बायकोची खोली झाली, मुलांची झाली. उरलेल्या खोलीला नावच पडलं नाही.

आता कायद्याकडे या. कंटाळू नका, हा आपल्या घरातलाच विषय आहे. 1956 चा हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. त्यात 23 वं कलम होतं. बाप मृत्युपत्र न करता गेला आणि मागं मुलगे-मुली दोन्ही असतील, तर कुटुंब राहतं त्या घराची वाटणी लेकीला मागता येत नसे. मुलगे आपसांत वाटून घेतील तेव्हाच तिचा हिस्सा. तोवर त्या घरात राहायचा हक्क फक्त अविवाहित, विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या किंवा नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या लेकीला. ज्या लेकीचा संसार धड चाललाय तिला तोही नाही. 2005 साली हे कलम काढून टाकलं आणि त्याच दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत लेक मुलाच्या बरोबरीची झाली. मधे 49 वर्षं गेली.

कागदावर हक्क आला आणि घरोघरी दुसरा कागद निघाला, हक्कसोडपत्र. किती जणींनी सही केली ते आपापल्या घरात मोजा. सही करताना तिला काय सांगितलं जातं? "हिस्सा घेऊन काय करणार गं? माहेर तुटेल. त्यापेक्षा सही कर. तुझी खोली तुझीच आहे, कधीही ये, हक्कानं राहा." ती हिस्सा सोडते ते या खोलीच्या भरवशावर. माझ्या माहितीतल्या एकीनं अशीच सही केली, लाखांवर पाणी सोडलं. तिसऱ्या दिवाळीला दोन मुलं घेऊन माहेरी गेली तर खोलीत पडदा, स्पीकर आणि मागं सरकणाऱ्या चार खुर्च्या. झोपायचं कुठं? "हॉलमध्ये गाद्या घालू की, चार दिवसांचा तर प्रश्न!" वैनीला दोष देऊ नका, तिलाही कुणी विचारलं नव्हतं. ती लेक आता दोन दिवसांत परत जाते. माहेर तुटलंच, आणि ते हिस्सा मागून तुटलेलं नाही.

आणि एवढं करून मिळतं काय, तेही बघू. भिंतींना काळ्या फोमचे टोकदार तुकडे चिकटवतात आणि सांगतात, आता आवाज बाहेर जाणार नाही. साफ खोटं. पातळ फोमनं खोलीतल्या खोलीत घुमणं थोडं कमी होतं, भिंतीपलीकडे जाणारा आवाज थांबत नाही. तो घुमणारा जाड आवाज, ज्यासाठी मोठा डबा कोपऱ्यात ठेवतात, त्याची एक लाट 28 फूट किंवा त्याहूनही लांब असू शकते. तुमची खोली 10 बाय 12. कोपऱ्यात तो नुसता गुरगुरतो आणि भिंतीतून शेजारच्या खोलीत जातो, जिथं आजी झोपलेली असते. शिवाय साधा फोम आग चटकन पकडतो, आणि आपण तो भरतो वायरींनी भरलेल्या, खिडकी नसलेल्या खोलीत! खिडकी प्लायवूडनं बंद, खाली गालिचा. आपल्या बेळगावच्या पावसात चार महिने ती खोली कुबट वास मारते. गालिच्यात चिवड्याचे कण, त्यामागं मुंग्या. आपल्या घरांत मुंगी मारायची नाही, मग ती एकेक हळूच झाडून बाहेर सोडायला गुडघ्यावर कोण बसतं? रिमोट ज्याच्या हातात असतो तो नक्कीच नाही. अंधारात चहाचा ट्रे घेऊन पाय कुठं ठेवावा हे चाचपडणारीही तीच.

कुणी म्हणेल, आक्कांना सिनेमा आवडत नाही. आवडतो की! गावातली जुनी थिएटरं एकेक करून बंद झाली, रात्रीच्या खेळाला बाईनं एकटीनं जाणं तेव्हाही सोपं नव्हतं, आताही नाही. घरात मोठ्या पडद्यावर पिक्चर बघायचा हक्क मला हवाच आहे. त्यासाठी पलंग हलवायचं कारण नाही. गुंडाळी होणारा पडदा मिळतो, तो कपाटासमोर खाली सोडता येतो. एवढं चित्र पाडायला साध्या प्रोजेक्टरला 10-11 फूट अंतर लागतं. पलंगाच्या उशावरच्या फळीवर तो बसतो. खिडकीला प्लायवूड नको, जाड पडदे लावा. दोन स्पीकर चांगले घ्या, सात नको. पाय लांब करून, उशीला टेकून, लेकीबरोबर पिक्चर बघा. तिला झोप आली की पडदा वर गुंडाळा. खर्चही निम्म्याहून कमी येईल. कंत्राटदाराला हे आवडणार नाही, कारण त्याची कमाई फोम, गालिचा आणि खुर्च्यांत आहे.

म्हणून सुतार टेप घेऊन मापं घ्यायला येईल त्या दिवशी घरातल्या बायकांनी स्वयंपाकघरात थांबू नये. पलंग कुठं जाणार, बाळंतपणाला आलेली लेक कुठं निजणार, आत्या आल्या तर काय, हे सगळं त्याच्यासमोर, मोठ्यानं विचारावं. आणि ज्यांची हक्कसोडपत्रावर सही अजून व्हायची आहे, त्यांनी आधी सहीच करू नये. करायचीच असेल तर वकिलाला विचारून, माहेरच्या घरात येऊन राहण्याचा आपला हक्क त्याच कागदात खोलीसकट लिहून घ्यावा. भाऊ म्हणेल, "एवढा विश्वास नाही व्हय माझ्यावर?" म्हणू दे. कागद पुढं करा आणि पेन त्याच्या हातात द्या.