इशाऱ्याचा पाट गावापर्यंत यावा

वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि बालाघाटकडून महाराष्ट्रात उतरते. त्यामुळे भंडारा जिल्ह्यातील पूर पुष्कळदा भंडाऱ्यात सुरूच होत नाही. पाऊस वर कोसळतो, भीमगडच्या संजय सरोवरासारख्या धरणांतून पाणी सुटते, वाटेत बावनथडीसारख्या नद्या येऊन मिळतात आणि मग ते सारे पाणी तुमसर, मोहाडी, भंडारा करीत पवनी तालुक्यातील गोसेखुर्द धरणाशी येऊन ठेपते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस नेमके हेच घडले. गोसेखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले, भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले, पवनी आणि लाखांदूरकडची गावे वेढली गेली आणि खाली गडचिरोली, चंद्रपूरपर्यंत त्याचा फटका बसला.

अशा पुरात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी असते. पाणी वरून खाली यायला वेळ लागतो. वरच्या धरणाचा विसर्ग, नदीची पातळी, पावसाचा अंदाज या गोष्टी कुठल्या ना कुठल्या कार्यालयात पाणी गावात येण्याआधीच नोंदल्या गेलेल्या असतात. गोठ्यातली जनावरे सोडायला, धानाची पोती उंचावर चढवायला, बाळंतिणीला आणि तिच्या बाळाला वरच्या वस्तीत न्यायला, डायलिसिसच्या रुग्णाला रस्ता बंद होण्याआधी शहरात पोहोचवायला दोन-तीन तासही पुरतात. मात्र ते तास त्या घराच्या हाती पडायला हवेत. म्हणून माहिती आहे की नाही, यापेक्षा ती कोणत्या वाटेने येते हा प्रश्न मोठा ठरतो.

आज ती वाट बहुतेक ठिकाणी व्हॉट्सॲपची आहे. कार्यालयात पत्र तयार होते, त्याच्यावर सही-शिक्का पडतो, मोबाइलने त्याचा फोटो निघतो आणि तो एका गटातून दुसऱ्या गटात फिरू लागतो. हा मार्ग सोयीचा आहे, पण त्यात तीन दोष आहेत. फोटोतली अक्षरे यंत्राला सरळ वाचता येत नाहीत, त्यामुळे तो आपोआप पुढे पोहोचवण्याची, निवडण्याची किंवा दृष्टिहीन माणसाला वाचून दाखवण्याची सोय अवघड होते. दुसरे, तो मूळ कार्यालयाकडून आला की कुणी बदलून पाठवला, हे कळत नाही. तिसरा दोष सर्वांत घातक आहे. अशा संदेशाला शेवट नसतो. मागच्या वर्षीचा ‘दरवाजे उघडले’ हा फोटो यंदाही तितक्याच घाईने फिरतो. दोन-चार वेळा असे झाले की लोक खऱ्या इशाऱ्याकडेही काणाडोळा करू लागतात.

या तिन्ही दोषांवर इंटरनेटच्या जगात एक जुना, साधा आणि फुकटचा उपाय आहे. त्याचे नाव वेब फीड.

फीड म्हणजे काय, हे भंडाऱ्याच्या माणसाला समजावणे अवघड नाही. हा तलावांचा जिल्हा. माजी मालगुजारी तलावांच्या पाण्यावर इथली धानशेती पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे. विहिरीचे पाणी हवे तर माणसाला विहिरीवर जावे लागते आणि तिथे पाणी आहे की नाही हे गेल्यावरच कळते. तलावाच्या पाटाचे तसे नसते. पाट एकदा बांधीपर्यंत आला की पाणी शेतात येते. एखाद्या संकेतस्थळावर रोज जाऊन ‘काही नवे आले का’ हे पाहणे म्हणजे विहिरीची खेप. त्याच संकेतस्थळाचे फीड घेणे म्हणजे पाट काढणे. दहा कार्यालयांचे दहा पाट एकाच बांधीत आणता येतात आणि नवे ते तेवढे समोर येते.

आत डोकावले तर फीड ही मजकुराची एक साधी फाइल असते. तिच्यात ना चित्रांची सजावट, ना जाहिराती. वर प्रकाशकाचे नाव, खाली नोंदींची यादी. प्रत्येक नोंदीला शीर्षक, तारीख-वेळ, थोडक्यात मजकूर, पूर्ण माहितीचा दुवा आणि एक स्वतंत्र ओळखक्रमांक. प्रकाशकाने नवी नोंद टाकली की ती यादीत दाखल होते. वाचणाऱ्याच्या मोबाइलवर किंवा संगणकावर ‘फीड रीडर’ नावाचे ॲप असते. ते ठरावीक वेळाने ही फाइल मागवते, ओळखक्रमांक ताडून पाहते आणि आधी न पाहिलेली नोंद दाखवते. फाइल बदललेलीच नसेल तर तिकडून ‘बदल नाही’ एवढे छोटे उत्तर येऊ शकते. जिथे रेंज धड नसते आणि डेटा जपून वापरावा लागतो, तिथे हा काटकसरीपणा कामाचा आहे.

या पद्धतीला पाव शतक उलटून गेले. १९९९ मध्ये नेटस्केप या तेव्हाच्या प्रसिद्ध कंपनीत तिचा पहिला आराखडा तयार झाला. रामनाथन गुहा हे भारतीय वंशाचे संगणकतज्ज्ञ तो करणाऱ्यांपैकी एक. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या आणि २००२ मध्ये ‘रिअली सिंपल सिंडिकेशन’ हे नाव रूढ झाले. त्याचे लघुरूप आरएसएस. महाराष्ट्रात ही अक्षरे ऐकून दुसरेच काही आठवते, पण त्या नावाचा इथे काही संबंध नाही. २००५ मध्ये ‘ॲटम’ नावाचा आणखी एक नमुना मान्य झाला. सामान्य वाचकाला या दोहोंत फरक करण्याची गरज पडत नाही, कारण फीड रीडर सहसा दोन्ही वाचतात.

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर सरकत जाणाऱ्या यादीलाही ‘फीड’च म्हणतात आणि तिथे गोंधळ होतो. दोन्हींत मूलभूत फरक आहे. समाजमाध्यमाच्या फीडमध्ये काय वर यावे आणि काय दडावे, हे कंपनीचे गणित ठरवते आणि वापरणारा जास्तीत जास्त वेळ तिथे रमावा हा त्या गणिताचा हेतू असतो. वेब फीडमध्ये मधला माणूस नसतो. कुणाचे घ्यायचे हे वाचक ठरवतो, त्या प्रकाशकाने टाकलेली नोंद त्याच्यापर्यंत जशीच्या तशी येते आणि नको झाले की ती वाट तो स्वतः बंद करतो. त्यासाठी प्रकाशकाला आपले नाव किंवा मोबाइल क्रमांक द्यावा लागत नाही.

समाजमाध्यमांच्या रेट्यापुढे फीड मागे पडले, हे खरे. गुगलने आपला लोकप्रिय फीड रीडर जुलै २०१३ मध्ये बंद केला, तेव्हा अनेकांनी ही पद्धत संपली असे मानले. ती संपली नाही, दिसेनाशी झाली. पॉडकास्टचा नवा भाग ॲपमध्ये आपोआप येतो तो बहुधा फीडमधूनच. संशोधन निबंधांच्या ‘पबमेड’ या यादीत एखाद्या आजाराचे नाव घालून त्याचे फीड घेता येते. त्या आजारावरचा नवा निबंध यादीत आला की डॉक्टरांना समजते. अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था जगभरातल्या भूकंपांच्या नोंदी फीडद्वारे खुल्या ठेवते.

आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी तर याच विचारातून एक खास साचा घडला. त्याचे नाव ‘कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल’, म्हणजे इशारा लिहिण्याची सर्वांसाठी एकच रीत. २००४ मध्ये तो प्रथम मान्य झाला आणि २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनेही तो स्वीकारला. या साच्यात इशारा देणाऱ्याला काही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या रकान्यांत भरावी लागतात. संकट कोणते? निकड किती, आत्ताची की उद्याची? तीव्रता किती? खात्री किती, प्रत्यक्ष दिसले आहे की फक्त शक्यता आहे? कोणत्या भागासाठी? लोकांनी काय करावे? आणि इशारा किती वाजेपर्यंत लागू आहे, तेही सांगण्याची जागा असते. शिवाय हा इशारा नवा आहे, आधीच्यात दुरुस्ती आहे की आधीचा रद्द केला आहे, तेही त्यात नोंदवावे लागते.

फॉरवर्ड केलेल्या फोटोत जे हरवते, ते सारे इथे शाबूत राहते. ज्या इशाऱ्याची मुदत संध्याकाळी सहाला संपते, तो सातनंतर यंत्र आपणहून बाजूला सारू शकते. इशारा लाखांदूरपुरता असेल तर तुमसरच्या माणसाची झोपमोड करण्याचे कारण नाही. मजकूर अक्षरांत असल्याने तोच इशारा संदेश म्हणून पाठवता येतो, फलकावर झळकवता येतो, आवाजात ऐकवता येतो.

भारतात हे काम ‘सचेत’ या नावाने चालते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने ही यंत्रणा उभारली. भारतीय हवामान विभाग आणि केंद्रीय जल आयोगासारख्या संस्थांचे इशारे तिच्यात येतात, प्रादेशिक भाषांत ते देण्याची सोय आहे, संकेतस्थळ आणि ॲप आहे आणि फीडही खुले आहे. २०२३ मध्ये देशभर मोबाइलवर अचानक मोठा आवाज होऊन चाचणीचा संदेश झळकला होता, तो याच दिशेने झालेल्या प्रयत्नांचा भाग होता. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे ॲप दिले आहे. ते आसपास पडणाऱ्या विजेची सूचना देते. रोवणीच्या दिवसांत चिखलाच्या बांधीत, उघड्या आभाळाखाली वाकून काम करणाऱ्या बायाबापड्यांसाठी ही सूचना जिवाच्या मोलाची आहे. ती मिळताच पाण्यातून बाहेर पडावे, झाडाखाली थांबू नये आणि पक्क्या घरात जावे, हे साधे नियम पाळायला तेवढाच अवधी हवा असतो.

म्हणजे वरचा मोठा पाट खोदला गेला आहे. अडचण आहे ती शेवटच्या टप्प्यात. गावाला रोज लागणाऱ्या किती तरी सूचना या यंत्रणेत येत नाहीत. कोणता पूल पाण्याखाली गेला, कोणत्या गावातले पाणी उकळून प्यावे, पुरानंतर फवारणी कधी आहे, लसीकरणाचा दिवस बदलला का, सर्पदंशावरची लस कोणत्या रुग्णालयात उपलब्ध आहे, या गोष्टी स्थानिक कार्यालयांनाच माहीत असतात. त्या आजही पुष्कळदा फोटो म्हणूनच फिरतात. त्या फीडमध्ये आणायला मोठा निधी लागत नाही. कोणत्याही साध्या संकेतस्थळाला ही सोय जोडता येते. बदलायची आहे ती सवय. सूचना अक्षरांत टंकायची, तिच्यावर तारीख-वेळ आणि मुदत लिहायची, ती आधी फीडमध्ये टाकायची आणि मग हवी तर तिचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा. रद्द झालेली सूचना रद्द म्हणून जाहीर करणे, हाही या सवयीचाच भाग.

फीड सर्व दुखण्यांवरचे औषध नाही, हेही सांगायला हवे. मूळ नोंद चुकीची असेल तर फीड ती चूक तितक्याच तत्परतेने पोहोचवील. फीड रीडर काही मिनिटांच्या किंवा तासांच्या अंतराने विचारणा करतो, त्यामुळे क्षणाक्षणाच्या संकटात भोंग्याची जागा तो घेऊ शकत नाही. वीज गेली, मनोरा बंद पडला की मोबाइल गप्प. आणि साधा फोन वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला फीड रीडर डाउनलोड करा असे सांगणे म्हणजे थट्टा होईल.

म्हणून शेवटची काही पावले माणसानेच चालायची आहेत. कोतवालाची दवंडी ही एके काळी गावाची हीच वाट होती. आज ग्रामपंचायतीच्या संगणकावर चार-पाच फीड एकत्र करून ठेवले आणि पावसाळ्याचे चार महिने ते पाहण्याची जबाबदारी एका माणसावर नावानिशी टाकली, तर त्याच दवंडीला खात्रीचा मजकूर मिळेल. लाउडस्पीकर गावात आहेच, आशा सेविका घरोघरी जातेच. त्यांच्या हाती कुणाचा तरी फॉरवर्ड न देता मुदत असलेला मूळ इशारा द्यायचा आहे.

वाचकांनाही थांबण्याचे कारण नाही. मोबाइलवर ‘सचेत’ आणि ‘दामिनी’ घेता येतात. फीडली, इनोरीडर यांसारखे फीड रीडर सुरुवातीला विनामूल्य मिळतात. त्यात आवडत्या संकेतस्थळाचा पत्ता टाकला की फीड असल्यास ते सापडते. एक ठिपका आणि त्यावर दोन कमानी असे नारिंगी चिन्ह दिसले, तर तिथे फीड आहे असे समजावे. आणि एखाद्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते नसेल, तर ते का नाही हे ग्रामसभेत विचारता येते.

वैनगंगेचे पाणी वरून येत राहणार, ते कुणाच्या हाती नाही. पण पाण्याची खबर पाण्याच्या आधी यावी, ती खरी असावी आणि तिची मुदत संपली की तिने आपणहून बाजूला व्हावे, हे मात्र कार्यालयांच्या हाती आहे. येत्या पावसाळ्याआधी तेवढे व्हावे.