ऋण लपविल्याने फिटत नाही

कर्ज काढणे हा काही गुन्हा नव्हे. व्यापाऱ्याची पेढी, कारागिराची हत्यारे व मुलांचे उच्च शिक्षण ही पुष्कळदा कर्जावरच उभी राहतात. आमचा आक्षेप आहे तो कर्ज लपविण्याच्या खोडीवर. वैद्यापुढे दुखणे आणि वकिलापुढे खटला उघड करणारा आमचा शहाणा गृहस्थ कर्जाचा आकडा मात्र आपल्या पत्नीसही कळू देत नाही. आणि एक देणे भागविण्यास दुसरे, दुसरे भागविण्यास तिसरे करून बसतो.

ह्याचा परिणाम काय होतो तो पाहा. क्रेडिट कार्डावर ५०,००० रुपये थकले आणि व्याज दरमहा शेकडा साडेतीन असले, तर महिन्याचे व्याजच १,७५० रुपये झाले. किमान रक्कम म्हणून २,५०० रुपये भरणाराचे मुद्दल अवघ्या ७५० रुपयांनी उतरते, आणि तो बापडा समजतो की आपण कर्ज फेडीत आहो! अशा मनुष्यास नवे कर्ज नको असते. त्याला हवा असतो निःस्वार्थी सल्ला.

महाराष्ट्रास हा विचार अपरिचित नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांचा संताप अनावर होऊन सावकारांचे दस्तऐवज जाळले गेले. पुढे १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तीत एक मार्मिक योजना होती : शेतकऱ्यावर फिर्याद करण्यापूर्वी धनकोने समेट घडविणाऱ्या पंचापुढे जावे, आणि समेट न जमल्यास त्याचा दाखला घेऊन मगच कोर्टाची पायरी चढावी. परकी सरकारला हे शहाणपण दस्तऐवज जळाल्यावर सुचले. स्वराज्यात ते आधी सुचावयास नको काय?

रिझर्व्ह बँकेने २००९ साली वित्तीय साक्षरता व कर्ज समुपदेशन केंद्रांची योजना बँकांपुढे ठेवली व सल्ला विनामूल्य द्यावा असे सांगितले. योजना स्तुत्य होती. परंतु २०१२ साली नव्या सूचना निघाल्या, तेव्हा केंद्रांच्या नावातून 'समुपदेशन' हा शब्दच गळाला, आणि साक्षरता तेवढी उरली. बुडत्यास पोहण्याचे व्याख्यान देऊन भागत नाही. त्याला हात द्यावा लागतो.

हा हात कसा द्यावयाचा? सल्लागाराने प्रथम सर्व देणी, त्यांचे व्याजदर व मुदती एका कागदावर मांडाव्या. घरखर्च वजा जाता काय उरते ते पाहून, भारी व्याजाचे देणे आधी फेडण्याचा क्रम लावावा. मग ऋणकोच्या वतीने धनकोंशी हप्ता व मुदतीची बोलणी करावी. सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा दंडक, व परवान्यावाचून सावकारी करणे हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे ही गोष्ट त्याने ऋणकोस सांगावी. तडजोडीने रक्कम कमी करून घेतल्यास पतीच्या नोंदीत त्याचा डाग राहतो, हेही लपवू नये. आणि जो 'अर्धे कर्ज माफ करवितो' म्हणून आगाऊ पैसे मागतो, तो सल्लागार नव्हे, नवा सावकारच होय.

कोणी म्हणेल, अशाने लोक कर्ज बुडविण्यास शिकतील. आम्हांस हे मान्य नाही. जो बुडवावयास निघाला, तो हिशेब घेऊन कोणापुढे बसत नाही. शिवाय झेपेल असा हप्ता वर्षानुवर्षे येणे हे न झेपणाऱ्या हप्त्याच्या हुकूमनाम्यापेक्षा धनकोसही हिताचे आहे. आमच्या व्यापारी वाचकांची उधारीची वही त्यांस हेच सांगेल.

म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक शहरातील व्यापारी संघ, ग्राहक संस्था व वकील मंडळ यांनी मिळून आठवड्यातून एक सायंकाळ असे सल्ला केंद्र चालवावे. कर्ज देणारी बँक त्याची मालक नसावी, कारण एकाच माणसाने वादी व पंच दोन्ही होणे न्यायास धरून नाही. सल्ला गुप्त व विनामूल्य असावा.

कर्जापायी लोक गळफास घेतात, तेव्हा आपण हळहळतो. त्या आधी कित्येक महिने तो मनुष्य आपल्याच पेठेत, आपल्याच शेजारी, एकटा आकडे मोजीत असतो. त्यास निर्भयपणे बोलता येईल अशी एक जागा निर्माण करणे हे समाजाचेच ऋण आहे, आणि ते आपण अद्याप फेडलेले नाही.