निशाण उतरवा, पण फाडू नका

जुन्या वस्तूंची वाट दोघे लावतात. एक त्यांचा द्वेष्टा आणि दुसरा त्यांचा भक्त. यांतला अधिक घातक कोण, असे कोणी मला विचारले, तर मी बिनदिक्कत भक्ताकडे बोट दाखवीन.

पुरावा लंडनचा आहे. ९ जानेवारी १८०६ रोजी सेंट पॉलच्या प्रार्थनामंदिरात नेल्सनचा दफनविधी झाला. ट्रफाल्गारला पाडाव केलेल्या 'सान इल्देफोन्सो' या स्पॅनिश जहाजाचे निशाण त्या दिवशी तेथे टांगलेले होते. नेल्सनच्या स्वतःच्या 'व्हिक्टरी' जहाजाचेही निशाण तेथे आणले होते. ते त्याच्याबरोबर थडग्यात जायचे होते. पण ऐन वेळी खलाशांनी त्याचा मोठा भाग फाडला आणि आठवण म्हणून तुकडे वाटून घेतले. परिणाम पाहा. शत्रूचे ते निशाण, १० मीटर रुंद आणि १४.५ मीटर लांब, ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. लाडक्या सेनापतीच्या निशाणाच्या मात्र चिंध्या घरोघर गेल्या!

त्या खलाशांवर मी दगड उचलणार नाही. ते त्या निशाणाखाली लढले होते. माझे भांडण आहे ते पुढे या चिंध्यांना भाव देणाऱ्या हौशी संग्राहकांशी. तुकड्याला मोल आले की अखंड वस्तूला कात्री लागण्याचे भय निर्माण होते, एवढा साधा व्यवहार त्यांना कळू नये काय?

याच लढाईतले 'स्पार्शिएट' जहाजाचे निशाण खलाशांनी जेम्स क्लेफन या आपल्या अधिकाऱ्याला दिले होते. ते त्याच्या घराण्यात राहिले आणि २००९ साली लिलावात ३,८४,००० पौंडांना गेले. हे मोल काय लोकरीच्या कापडाचे होते? मुळीच नाही. ते कोणत्या जहाजावर होते, कोणी शिवले, कोणी कोणाला दिले, ही हकीकत त्याला चिकटून राहिली होती. हकीकत सुटली की निशाणाचे फडके होते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या शाळेला एका निवृत्त नौसैनिकाने एक जुने नाविक निशाण दिले होते. पांढऱ्यावर तांबडा क्रूस आणि कोपऱ्यात तिरंगा. आम्ही टाळ्या वाजवल्या, ते खिळ्यांनी फळीवर ठोकले आणि खिडकीसमोर लावले. चार पावसाळे आणि चार उन्हाळे गेले. तांबडा रंग विटून गुलाबी झाला, खिळ्यांपाशी कापड गंजाने खाल्ले. ते गृहस्थ जहाजाचे नाव आणि साल तोंडाने सांगून गेले होते. ते आम्ही कोणीही टिपून ठेवले नाही. आता ते गृहस्थ नाहीत. रोज मुलांना 'वहीत उतरवून घ्या' म्हणणाऱ्या मास्तरांची ही कथा! त्या मास्तरांत मीही होतो.

पुढे २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाने नवे निशाण स्वीकारले. क्रूस गेला, शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून सुचलेली अष्टकोनी चौकट आली. मराठी माणूस म्हणून मला आनंद झाला, तो मी लपवीत नाही. पण त्यानंतर शाळेत आलेले एक पाहुणे त्या फळीकडे पाहून म्हणाले, "ही गुलामीची खूण अजून कशाला?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी मान डोलावली नाही. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या नौसैनिकांनी ब्रिटिशांचा झेंडा खाली खेचला, तो राग मला समजतो. ते धैर्याचे कृत्य होते. पण उतरवणे निराळे आणि नाहीसे करणे निराळे. शिवाय क्रूस आणि तिरंगा असलेले हे निशाण स्वतंत्र भारताचे होते. डिसेंबर १९७१ मध्ये कराचीवर चाल करून गेलेल्या आपल्या क्षेपणास्त्र-नौकांचे निशाण हेच होते. ९ डिसेंबरला 'खुकरी' बुडाली, कप्तान महेंद्रनाथ मुल्ला आणि त्यांचे पावणेदोनशेहून अधिक सहकारी समुद्रात गेले, तेही याच निशाणाखाली. त्यांना काय आपण गुलाम म्हणणार?

मग जपायचे कसे? त्याला लाखो रुपये लागत नाहीत. निशाण उन्हात लावू नये. उजेडाने गेलेला रंग आणि धाग्याचे बळ परत येत नाही. घडी घालू नये, घडीवरच कापड तुटते. जाड नळीवर स्वच्छ मलमलीसह गुंडाळावे. खिळा नको, डिंक नको, हौसेची धुलाई तर नकोच. लोकरीला कसर लागते, म्हणून वरचेवर पाहावे. दुरुस्तीची घाईही नको. अमेरिकेत अमेलिया फाउलर या बाईंनी १९१२ पासून अनापोलिसच्या नौदल विद्यालयातली जुनी निशाणे तागाच्या कापडावर टाके घालून वाचवली. १९१४ साली त्यांनी मॅकहेन्री किल्ल्याच्या प्रसिद्ध झेंड्यालाही तसेच अस्तर लावले. पण शतक संपताना तज्ज्ञांना ते टाके एकेक करून काढावे लागले. चांगल्या हेतूचा टाकाही उसवता येईल असाच घालावा, हा त्यातला धडा.

आणि सर्वांत स्वस्त उपाय कागदाचा आहे. जहाजाचे नाव, साल, देणाऱ्याचे नाव, हे तीन शब्द निशाणाजवळ ठेवा.

आमचे निशाण मी फळीवरून उतरवून गुंडाळून ठेवले आहे. सोबतच्या कागदावर देणाऱ्याचे नाव लिहिले आहे. जहाजाच्या नावाची जागा मात्र कोरी आहे.