चौथ्या सीटवरचे काम
कल्याण, डोंबिवली आणि ठाण्याहून मुंबईला जाणाऱ्या नोकरदाराचे प्रवासातले कामाचे साधन म्हणजे मोबाइल. लॅपटॉप उघडायला मांडी मोकळी लागते आणि सकाळच्या जलद लोकलमध्ये तिचा भरवसा नसतो. मुंबई–ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. कल्याण ते सीएसएमटी हे अंतर पन्नास किलोमीटरहून अधिक आहे. जलद गाडीलाही तास-सव्वा तास लागतो. हा वेळ बसून मिळतो की उभ्याने, यावर त्यात काय करता येईल ते ठरते. सीटसाठी डोंबिवलीचे कितीतरी प्रवासी आधी उलटे कल्याणला जातात, ते उगाच नव्हे.

बसायला मिळाले, अगदी तिघांच्या बाकाच्या कडेची चौथी सीट का असेना, तर दोन्ही हात मोकळे होतात आणि मोठी टिपणे, अहवालाचा कच्चा खर्डा, हिशेबाची तपासणी अशी कामे होतात. उभ्याने एक हात कडीला अडकलेला असतो. जीबोर्डसारखा कळफलक एका कडेला सरकवून अंगठ्याने टाइप करता येतो. रोमन अक्षरांत लिहून देवनागरी उमटवायची सोयही त्यात आहे. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठी बोलून लिहिण्याची सोय आणली, पण लोकलमध्ये तिचा उपयोग कमीच. गाडीचा खडखडाट, उद्घोषणा, एखाद्या डब्यातले भजन यांत शब्द हरवतात, शिवाय कार्यालयातली गोष्ट चारचौघांत मोठ्याने बोलणे योग्यही नाही.

दारात मात्र फोन काढूच नये. रुळांलगत उभे राहून हातावर काठीचा फटका मारायचा आणि पडलेला मोबाइल पळवायचा, हा प्रकार या मार्गावर जुना आहे; फोन वाचवताना तोल जातो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ खचाखच भरलेल्या लोकलमधून प्रवासी पडून काहींचा जीव गेला. ज्या दारात दोन्ही हातांनी धरूनही माणूस सुरक्षित नसतो, तिथे कोणताही ईमेल तातडीचा नाही.

नेटवर्कचा प्रश्न वेगळा. धावत्या गाडीतला प्रत्येक फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर जात राहतो आणि गर्दीच्या वेळी हजारो फोन तेच करतात. त्यामुळे व्हिडिओ कॉल तुटतो, मोठी फाइल अडकते. म्हणून इंटरनेटविना चालणारी साधने इथे खरी कामाची. गूगल डॉक्समधला मजकूर घरच्या वायफायवर असतानाच ‘ऑफलाइन’ करून ठेवावा. डब्यात केलेले बदल नेटवर्क येताच आपोआप जुळतात. जीमेलमध्ये लिहिलेले उत्तरही आउटबॉक्समध्ये थांबते आणि जोडणी मिळाली की जाते.

प्रवासाची माहिती देणारी साधनेही कामाचा वेळ वाचवतात. सचिन टेके यांचे एम-इंडिकेटर वेळापत्रकासाठी बहुतेकांच्या फोनमध्ये असते, तर मध्य रेल्वेच्या ‘यात्री’वर लोकल नेमकी कुठे आहे ते दिसते. फोनवर तिकीट काढायला आधी यूटीएस होते, जुलै २०२५ मध्ये रेलवन आले. खिडकीपुढची रांग त्यामुळे टळते.

खांद्याला खांदा लागलेल्या डब्यात शेजाऱ्याला पडदा दिसतोच. गोपनीयता फिल्म लावली आणि प्रकाश कमी केला, तरी मागे उभ्या असलेल्याला मजकूर वाचता येतो. पगारपत्रके, ग्राहकांचे तपशील, बँकेचे व्यवहार ही कामे गाडीतून उतरल्यावरच करावीत.