गोळीबार थांबला म्हणजे जमीन मोकळी झाली का?



फौजेच्या सराव क्षेत्राला लागून असलेल्या गावांतले साथी मागच्या बैठकीला आले होते. बोलणं वनहक्काच्या दाव्यांवर चाललं होतं. तेव्हा एका मावशीनं विचारलं, "पट्टा मिळाला समजा, पण त्या मातीत तोफेचे गोळे पुरलेले असतील तर नांगर कोण घालणार?" बैठकीत कुणाकडे नीट उत्तर नव्हतं. म्हणून या अंकात आम्ही ह्याच विषयावर लिहितोय.

आधी गोळ्याचं समजून घेऊ. सरावात उडवलेला प्रत्येक गोळा फुटतोच असं नाही. मऊ माती लागली, चिखल लागला, तिरका पडला, तर तो न फुटता जमिनीत घुसतो. वर गंज चढतो. आपल्या लोकांना वाटतं गंजला म्हणजे मेला. तसं नसतं. आतली दारू वर्षानुवर्षं तशीच राहते आणि फुटायचा खटका जुना झाला की जास्तच भरवशाचा राहत नाही. नांगराचा फाळ लागला, पोरानं दगड मारला, भंगारासाठी कुणी हातोडा घातला की झालं. राब भाजताना किंवा वणवा लागला तर उष्णतेनंही फुटू शकतो. आणि गोळा जिथं पडला तिथंच राहतो असंही नाही. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की तो वाहून खाली येतो, आपल्या पाणवठ्यापर्यंत.

आता दुसरीकडच्या लोकांचं काय झालं ते बघा.

काश्मीरात बडगाम जिल्ह्यात तोसामैदान म्हणून मोठं कुरण आहे. गुज्जर आणि इतर पशुपालक तिथं उन्हाळ्यात गुरं, मेंढ्या नेतात. १९६४ साली ते फौजेला तोफांच्या सरावासाठी भाडेपट्ट्यानं दिलं. पन्नास वर्षांत साठच्या वर माणसं गेली, कितीतरी अपंग झाली. त्यात गुराखी, लाकूडफाटा आणणारे, पोरं सगळे आले. गावकऱ्यांनी माहिती अधिकारात कागद काढले, गावागावात बैठका घेतल्या आणि १८ एप्रिल २०१४ ला पट्टा संपला तो परत वाढवू दिला नाही. मोठी जीत होती ती. पण पुढच्याच महिन्यात, मे २०१४ मध्ये, तिथल्या एका गावात गोळा फुटून सात वर्षांची पोरगी मेली. पट्टा संपला होता, गोळे होते तिथंच होते. त्यानंतर त्याच वर्षी फौजेनं 'फलाह' नावाची मोहीम काढून कुरणाची सफाई केली. ही सफाई पट्टा संपायच्या आधी ठरली असती तर?

झारखंडात नेतरहाटला १९६४ पासून १९९४ पर्यंत फौजेचा सराव चालला. नंतर २४५ गावं ज्यात येतील असं मोठं क्षेत्र ठरलं. २२ मार्च १९९४ ला टुटुवापाणीला हजारो आदिवासी रस्त्यावर बसले. बाया पुढे होत्या. फौजेच्या गाड्या माघारी गेल्या. तेव्हापासून दरवर्षी मार्चमध्ये तिथं लोक जमतात. ११ मे २०२२ ला अधिसूचनेची मुदत संपली आणि राज्य सरकारनं ती वाढवायची नाही असं ठरवलं. आपल्या चळवळीनं ह्या लढ्याकडून फार शिकायचं आहे. पण मुदत संपली म्हणून तीस वर्षं पडलेलं लोखंड आपोआप निघून जात नाही, हेही सोबत शिकायचं.

तिसरी गोष्ट लाओस देशाची. तिथंही डोंगरात राहणारी, जंगल आणि भातावर जगणारी आपल्यासारखी माणसं आहेत. १९६४ ते १९७३ ह्या नऊ वर्षांत अमेरिकेनं त्यांच्यावर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यात चेंडूएवढे छोटे बॉम्ब सुमारे २७ कोटी. त्यातले अंदाजे ८ कोटी फुटलेच नाहीत. लढाई संपल्यावर सुद्धा वीस हजारांच्या आसपास माणसं ह्या बॉम्बांनी मेली किंवा जखमी झाली. त्यात पोरं खूप, कारण पोराला तो चेंडूच वाटतो. १९९६ साली तिथं सफाईसाठी सरकारी संस्था उभी राहिली. अजून काम चालू आहे आणि खूप जमीन बाकी आहे.

लाओसात काम कसं चालतं ते आम्ही मुद्दाम सांगतोय. पथक आधी गावात येतं आणि लोकांना विचारतं. गोळे कुठं पडले हे गुराख्याला, सरपण आणणाऱ्या बाईला, म्हाताऱ्या माणसाला माहीत असतं. त्यातून नकाशा होतो, धोक्याच्या जागी खुणा लागतात. मग पट्टे आखून धातू शोधायच्या यंत्रानं इंच इंच जमीन बघतात. आवाज आला की बाजूनं हळू माती काढतात. गोळा सापडला तर शक्यतो हलवत नाहीत, गाव लांब नेऊन जागेवरच उडवतात. शेतजमीन साधारण २५ सेंटीमीटर खोल तपासतात. काम झाल्यावर वेगळी माणसं परत तपासणी करतात आणि मग जमीन लोकांच्या ताब्यात देतात. ह्यात एक जरी कडी सुटली तर सगळं वाया. पथक आलं पण गावाला विचारलं नाही, तर चुकीच्या जागी शोध होतो. साफ केलं पण कागदावर लिहिलं नाही, तर दहा वर्षांनी कुठली जमीन साफ आणि कुठली नाही हे कुणालाच कळत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही हे लांबचं नाही. नगर जिल्ह्यात के. के. रेंज आहे, नाशकात देवळालीला तोफखान्याचं मैदान आहे. आजूबाजूचे गरीब लोक गोळ्यांचं पितळ, लोखंड वेचायला जातात आणि जीव गमावतात. वर्धा जिल्ह्यात पुलगाव दारूगोळा भांडाराजवळ २० नोव्हेंबर २०१८ ला जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, सहा माणसं मेली. त्यात आसपासच्या गावांतले रोजंदारीचे मजूर होते. म्हणजे सफाईचं कामसुद्धा गरिबाच्याच अंगावर ढकललं जातं. शिकलेल्या जवानाचं काम कंत्राटदाराच्या मजुरानं का करायचं?

भंगार वेचणाऱ्यांना लोक नावं ठेवतात. म्हणतात, लोभानं मेला. आम्हाला हे पटत नाही. रोजगार हमीचं काम वेळेवर मिळालं, मजुरी वेळेवर पडली, तर कुणी हौसेनं गोळ्याला हात लावत नाही. तरीपण साथींनो, आम्ही हात जोडून सांगतो, गोळ्याचं भंगार घरात आणू नका. भंगारवाला किलोमागं पैसे देतो, पण तोडताना फुटला तर तो येत नाही.

आता अवघड प्रश्नाकडे येऊ. काही साथी म्हणतात, एवढं लढून फौजेला बाहेर काढायचं आणि सफाईच्या नावानं परत आत घ्यायचं? त्यांची भीती खोटी नाही. आलेलं खातं लवकर जात नाही हे आपण वनखात्यावरून ओळखतो. पण गोळा कुठला, कुठल्या तोफेचा, तो कसा निकामी करायचा, हे ज्यानं टाकला त्यालाच माहीत. आपण कुदळ घेऊन ते करू शकत नाही. आमचं मत असं की सफाईला त्यांना येऊ द्यायचं, पण ग्रामसभेच्या अटीवर. ज्यानं कचरा टाकला त्यानंच उचलायचा, आणि उचलून बाहेर पडायचं.

म्हणून सराव क्षेत्राजवळच्या प्रत्येक ग्रामसभेनं ठराव करावा, त्यात एवढं तरी असावं:

१) कुठल्या साली, कुठं, कसल्या गोळ्यांचा सराव झाला, ती नोंद फौजेनं कलेक्टरमार्फत गावाला मराठीत द्यावी.

२) कलेक्टरनं एक समिती करावी. त्यात फौज, महसूल, वनखातं, पोलीस, दवाखाना आणि ग्रामसभेनं निवडलेली माणसं असावीत, निम्म्या बाया. आज तलाठी पोलिसाकडे बोट दाखवतो, पोलीस फौजेकडे, फौज कलेक्टरकडे. एक जबाबदार अधिकारी ठरवून त्याचं नाव चावडीवर लागावं.

३) पाहणी गावकऱ्यांना बरोबर घेऊन व्हावी. नांगराची जमीन, चराई, पाणवठा आणि शाळेची वाट आधी साफ व्हावी. विहीर खोदायची तिथं जास्त खोल तपासावं.

४) गोळे काढायच्या कामावर गावातला अप्रशिक्षित मजूर लावू नये.

५) काम झाल्यावर नकाशासकट दाखला ग्रामसभेला मिळावा, आणि ग्रामसभेच्या सहीशिवाय काम पूर्ण धरू नये.

६) मेलेल्याच्या घरच्यांना आणि जखमीला "तू तिथं कशाला गेला होतास" असं न विचारता भरपाई मिळावी. तोफखाना सरावाच्या १९३८ च्या कायद्यातच नुकसानभरपाईची तरतूद आहे, ती मागायला घाबरू नका.

आणि एक गोष्ट आपण आजच करू शकतो, त्याला कुणाची परवानगी नको. वनहक्क समितीनं दाव्यासाठी गावाचा नकाशा काढलाच आहे. त्याच नकाशावर गोळे दिसलेल्या जागा लाल खडूनं दाखवा. कुणाला कधी दिसला, कोण जखमी झालं, कुठलं जनावर गेलं, तारखेसह वहीत लिहा. जुनी माणसं आहेत तोवर विचारून घ्या. २००६ च्या कायद्यानं सामूहिक वनहक्क असलेल्या जंगलाची राखण करायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. जंगल राखायचं म्हणजे त्यात फिरणारं पोर जिवंत घरी येईल हेही बघायचं.

गोळा दिसला तर काय करायचं, हे शाळेत, आठवडी बाजारात, बैठकीत सगळ्यांना सांगा. हात लावू नका, दगड मारू नका, जवळ विस्तव करू नका. आलात त्याच पावली मागे फिरा. लांबून ओळखू येईल अशी खूण करा, पोरांना आणि गुरांना अडवा, पोलीस पाटलाला कळवा आणि कळवल्याची तारीख लिहून ठेवा. पथक आलं नाही तर ती तारीखच आपल्या हातातला कागद आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं आपला नकाशा आणि वही आणावी. सगळ्या गावांचं एकत्र करून आपण कलेक्टर कचेरीवर जाऊ. सातबाऱ्यावर नाव लागणं ही अर्धी लढाई आहे. त्या जमिनीवर निर्धास्त पाय ठेवता येईल तेव्हा ती पुरी होईल.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची! जिंदाबाद!